डंकर्कच्या छोट्या बोटींचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंकर्कला नक्की झालं काय होतं? थोडक्यात सांगा.

मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्समधून मुसंडी मारत थेट समुद्रापर्यंत पोचले आणि ब्रिटिश फौज, फ्रेंचांची मोठी तुकडी अन् काही बेल्जियन असे सगळे उत्तरेच्या कोपऱ्यात, डंकर्क या फ्रेंच बंदराभोवती कोंडले गेले, मागे समुद्र आणि तीन बाजूंनी शत्रू. त्यांना इंग्लंडला परत आणायची मोहीम म्हणजे ऑपरेशन डायनॅमो. २६ मेच्या संध्याकाळी सुरू झाली, ४ जूनला संपली. सूत्रं व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅम्से यांच्या हातात, डोव्हरच्या किल्ल्याखालच्या बोगद्यांत त्यांचं ऑफिस. पहिला पूर्ण दिवस २७ मे, त्या दिवशी फक्त ७,६६९ माणसं निघाली. ३१ मेला हाच आकडा ६८,०१४ वर गेला. एकूण ३,३८,२२६. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा, पुढे प्रत्येक कागदात भेटणार आहे.

म्हणजे एवढी सगळी माणसं छोट्या बोटींनी वाचवली?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की एखादी बोट डंकर्कला होती का या शोधाची सुरुवातच तिथून चुकते. साधारण २,३९,००० माणसं बंदरातून आणि पूर्वेच्या लांबलचक बंधाऱ्यावरून थेट मोठ्या जहाजांवर चढली आणि साधारण ९९,००० किनाऱ्यावरून. विनाशिकांनी, म्हणजे डिस्ट्रॉयर जहाजांनी, एकट्यांनी लाखाच्या वर माणसं आणली. नौदलाच्या तक्त्यात खाजगी मोटरबोटींच्या नावावर २०३ बोटी आणि ५,०३१ माणसं एवढंच दिसतं.

आता हे वाचून लगेच "मग सगळी दंतकथाच" म्हणणारे पण भेटतात, ते दुसरं टोक. तो तक्ता मोजतो काय ते बघा: कुठल्या जहाजाने किती माणसं इंग्लंडच्या धक्क्यावर उतरवली. पण डंकर्कच्या पूर्वेकडचा किनारा, मालो-ले-बँ, ब्रे-द्यून आणि पुढे बेल्जियमच्या हद्दीतलं ला पान, हा सगळा सपाट उथळ वाळूचा पट्टा, मोठं जहाज पार लांब थांबणार, भरती-ओहोटीचा फरक भरपूर, सैनिक छातीभर पाण्यात तासन् तास उभे. त्यांना उचलून बाहेर उभ्या जहाजापर्यंत नेणं हे छोट्या बोटींचं खरं काम. दिवसभर खेपा मारून एखाद्या बोटीने शेकडो माणसं विनाशिकेवर चढवली असतील तरी तक्त्यात ती माणसं विनाशिकेच्या खात्यात, बोटीच्या नावापुढे शून्य. म्हणून बोटीचा शोध घेताना ती ज्या जहाजाला माणसं पोचवत होती त्या जहाजाचा रिपोर्ट वाचावा लागतो. खूप जण बोटीच्या नावाची फाइल शोधतात, ती मिळत नाही, आणि तिथेच सोडून देतात.

बोटींचे मालक स्वतःच बोट घेऊन गेले होते ना?

काही गेले, बहुतेक नाही. बऱ्याच बोटी नौदलाने ताब्यात घेतल्या आणि त्यावर नौदलाचे खलाशी, राखीव दलातले अधिकारी असे बसवले. कित्येक मालकांना तर आपली बोट कुठे गेली हे नंतरच कळलं. जे नागरिक गेले त्यांच्याकडून टी १२४ नावाच्या फॉर्मवर सही घेतली जायची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ते नौदलाच्या शिस्तीखाली आले. तुमच्या घरात किंवा बोटीच्या जुन्या मालकाच्या वारसांकडे हा कागद असेल तर सोनंच, कारण त्यावर माणसाचं नाव आणि सही असते.

मालक स्वतः गेल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चार्ल्स लाइटोलर, टायटॅनिकचे सेकंड ऑफिसर, त्या बुडण्यातून वाचलेले. नौदल त्यांची सनडाउनर ही ५८ फुटी बोट घ्यायला आलं तर हे म्हणाले, न्यायचीच असेल तर मीच नेणार. मुलगा रॉजर आणि एक सी स्काउट पोरगा सोबत घेतला, १ जूनला गेले आणि १३० माणसं घेऊन इंग्लंडच्या रॅम्सगेट बंदरात परत. गोष्ट खरी आहे, कागदावर आहे. अडचण एवढीच की ही एक गोष्ट ऐकून लोक बाकी शेकडो बोटींवरही असाच एक म्हातारा कॅप्टन बसवतात.

बीबीसीवर घोषणा झाली आणि लोक बोटी घेऊन धावले, हे खरं का?

घोषणा झाली हे खरं, १४ मे १९४० ला. ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःचं इंजिन असलेल्या खाजगी बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत नौदल खात्याला माहिती कळवावी, असा हुकूम होता. पण तारीख बघा, डंकर्कची वेळ येईल असं तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. चुंबकीय सुरुंगांमुळे नौदलाला लाकडी सुरुंगशोधक बोटी हव्या होत्या, बोटी बांधणारे यार्ड त्यात गुंतलेले, म्हणून बंदरातल्या किरकोळ कामांसाठी तयार बोटींची यादी करायची होती. ती यादी पंधरा दिवसांत भलत्याच कामाला आली.

प्रत्यक्ष गोळा करणं वेगळंच. थेम्स नदीवर टेडिंग्टनला टफ ब्रदर्स म्हणून यार्ड होतं, त्यांनी नदीच्या वरच्या भागातून शंभरावर बोटी जमवल्या. तिथून शीअरनेसला, तिथं इंजिन तपासणी, मग रॅम्सगेट, तिथं डिझेल-पेट्रोल, पाणी, खलाशी, नकाशे. आणि मग टोचन करून ताफ्याने पलीकडे. त्यामुळे कागद शोधताना डंकर्क या एकाच शब्दावर अडकू नका, टेडिंग्टन, शीअरनेस, रॅम्सगेट या तिन्ही ठिकाणी बोटीची नोंद पडलेली असू शकते.

माझ्याकडे फक्त बोटीचं नाव आहे. पुरेल का?

नाही पुरणार. त्या काळी इंग्लंडच्या प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी स्कायलार्क नावाची एक तरी बोट असायची. शिवाय बोट विकली की नवा मालक नाव बदलतो, त्यामुळे १९४० चं नाव वेगळं, १९५५ चं वेगळं, आजचं तिसरंच.

नावापेक्षा नंबर धरा. रीतसर रजिस्टर झालेल्या ब्रिटिश बोटीला ऑफिशियल नंबर मिळतो, तो गाडीच्या चॅसी नंबरसारखा, मालक बदलो, नाव बदलो, हा बदलत नाही. आणि तो नुसता कागदावर नसतो, बोटीच्या मुख्य तुळईत कोरलेला असतो, सोबत टनेज, म्हणजे बोटीच्या आतल्या जागेचं माप. जुन्या लाकडी बोटीत केबिनमध्ये वाकून टॉर्च मारलात तर आडव्या तुळईवर रंगाच्या सात-आठ थरांखाली आकडे हाताला लागतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की उमटतात. फोटो तिरक्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला की काही दिसत नाही.

नंबर मिळाला की लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स उघडा. १९३९ च्या आसपासचं बघायचं. त्यात बोटीचं नाव, आधीची नावं, लांबी-रुंदी, कुठे कोणी कोणत्या साली बांधली, इंजिन, मालक, नोंदणीचं बंदर, सगळं एका ओळीत असतं. जुने खंड स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत, घरबसल्या वाचता येतात. छोट्या, रजिस्टर न झालेल्या बोटी मात्र त्यात नसतात, आणि डंकर्कच्या बोटींत अशा पुष्कळ.

खरे सरकारी कागद कुठे आहेत?

लंडनला क्यू इथं नॅशनल आर्काइव्ह्ज. तिथल्या एडीएम १९९ या मालिकेत नौदलाचे युद्धकाळातले रिपोर्ट आहेत, डायनॅमोचे पण तिथेच. कॅटलॉग ऑनलाइन फुकट शोधता येतो. मूळ कागद मात्र बहुतेक वेळा तिथं जाऊनच बघावे लागतात, नाहीतर पैसे भरून कॉपी मागवावी लागते.

त्याआधी फुकटातलं एक वाचून घ्या. रॅम्से यांचा स्वतःचा अहवाल, तो लंडन गॅझेटच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या पुरवणीत १७ जुलै १९४७ ला छापला गेला, सात वर्षं उशिरा. भाषा सरकारी, रुक्ष, पण कुठल्या दिवशी कुठला मार्ग चालू होता हे त्यात कळतं. मार्ग तीन होते. झेड म्हणजे सरळ ३९ मैलांचा, पण कॅलेच्या बाजूच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात. वाय ८७ मैलांचा लांबचा वळसा. आणि एक्स ५५ मैलांचा. याचा उपयोग असा की एखादी कथा सांगते "आम्ही दिवसात तीन चकरा इंग्लंडला मारल्या" आणि बोटीचा वेग सात नॉट, म्हणजे तासाला सात सागरी मैल, तर नकाशावर पट्टी ठेवून बघा. तीन चकरा किनारा ते जहाज झाल्या असतील, इंग्लिश खाडी ओलांडून नाही.

बोट नौदलाने ताब्यात घेतल्याचं पत्र आहे. मग ती डंकर्कला गेलीच ना?

नाही! सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. ताब्यात घेतली, रॅम्सगेटला पोचली आणि डंकर्कला गेली या तीन वेगळ्या गोष्टी. कितीतरी बोटींचं इंजिन शीअरनेसलाच बंद पडलं, काही रॅम्सगेटला राखीव ठेवल्या, काही अर्ध्या वाटेवरून परत. आणि भरपूर बोटी नुसत्या बंदर गस्तीसाठी घेतल्या होत्या, त्या खाडी ओलांडून कधी गेल्याच नाहीत.

तारीख पण नीट बघा. छोट्या बोटी मोठ्या संख्येने ३० मेपासून पुढेच पोचल्या. ११ जूनची नोंद असेल तर ती डंकर्क नव्हे, ती फ्रान्सचं हाव्र बंदर आणि आजूबाजूची दुसरी मोहीम, ऑपरेशन सायकल. आणि त्यानंतर जूनच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून झाली ती ऑपरेशन एरियल. घरातल्या गोष्टींत या तिन्हींची खिचडी होते, "फ्रान्सहून माणसं आणली" म्हटलं की सगळं डंकर्क.

मी कुठलाही दावा मान्य करायला दोन गोष्टी मागतो: १९४० साली लिहिलेला कागद, आणि त्यात बोटीची अशी खूण जी दुसऱ्या बोटीला लागू पडणार नाही. आठवणी नंतर.

आजोबांच्या आठवणी, टेप, पत्रं, यांना काहीच किंमत नाही का?

आहे हो, भरपूर आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे डंकर्कहून आलेल्या लोकांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आहे, त्यातलं बरंच ऑनलाइन ऐकता येतं. जे कागदात कधीच येत नाही ते तिथं मिळतं, म्हणजे ओहोटीला वाळूत लष्करी ट्रक एकाला एक लावून त्यावर फळ्या टाकून केलेले धक्के, चढताना बोट एका बाजूला कलली की ओरडणारा खलाशी, तेलाचा वास. फक्त बोटीचं नाव, तारीख, माणसांचा आकडा यासाठी आठवणीवर विसंबू नका. रात्री अंधारात, तीन दिवसांची झोप नसलेला सैनिक बोटीचं नाव वाचत बसत नाही.

मेडलबद्दलपण सारखं विचारतात. डंकर्क मेडल म्हणून जे आहे ते फ्रान्समधल्या माजी सैनिकांच्या संघटनेने काढलेलं, ब्रिटिश सरकारचं नव्हे. अभिमानाची वस्तू आहे, पण कुठली बोट, कुठला दिवस हे त्यावरून कळत नाही.

मच्छीमारांच्या बोटी होत्या का?

होत्या, आणि माझ्या मते सगळ्यात चटका लावणारी गोष्ट त्यांचीच. थेम्सच्या मुखाशी ली-ऑन-सी हे कोळ्यांचं गाव, शिंपल्या काढणाऱ्या बोटींचं. तिथून सहा बोटी गेल्या: एंडेव्हर, लेटिशिया, डिफेंडर, रिलायन्स, रिनाउन, रेझोल्यूट. उथळ पाण्यात, चिखलात टेकायला बनलेल्याच, त्यामुळे या कामाला एकदम फिट. दिवसभर माणसं वाहिली. परतताना रात्री रिनाउनचं इंजिन बिघडलं, तिने लेटिशियाच्या मागे दोर बांधून घेतला आणि थोड्या वेळात सुरुंगावर गेली. चौघं होते, चौघंही गेले. गावातल्या सेंट क्लेमंट चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. एंडेव्हर अजून आहे, दुरुस्त करून ठेवलीये.

संशोधनाच्या दृष्टीने ही केस चांगली, कारण गाव छोटं, घराणी तीच, कप्तानांचे रिपोर्ट आहेत, आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून बघता येतं. पहिल्यांदाच शोध घेत असाल तर सुटी यॉट धरण्यापेक्षा असा एका गावाचा ताफा धरा.

लाइफबोटींचं काय? हाइथच्या लोकांनी नकार दिला म्हणतात.

समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या ब्रिटिश लाइफबोट संस्थेच्या १९ बोटी गेल्या. रॅम्सगेट आणि मार्गेटच्या बोटी आपापल्या खलाशांसकट गेल्या, बाकीच्यांवर नौदलाने स्वतःची माणसं बसवली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हाइथ गावातल्या खलाशांनी नकार दिला हे खरं. त्यांचं म्हणणं, आमची बोट जड आहे, वाळूवर चढवा म्हणता, चढली की भरलेली परत निघणार नाही. त्यावरून चौकशी झाली, बदनामी झाली. आता पुढचं ऐका: १९ पैकी एकच लाइफबोट डंकर्कला कायमची गमावली, ती हाइथचीच, नौदलाच्या माणसांच्या हातात, ला पानच्या वाळूत रुतून. लोक अर्धीच गोष्ट सांगतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आपले लोक होते का तिथं? माझे पणजोबा बोटीवर होते असं घरी सांगतात.

भारतीय होते, पण जिथं शोधाल तिथं नाहीत. छोट्या बोटींवर नाही. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघाल्या आणि मार्सेयला उतरल्या, त्या फोर्स के-६ म्हणून ओळखल्या जातात. बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. तीन कंपन्या डंकर्कमार्गे इंग्लंडला पोचल्या, खेचरं मागे सोडावी लागली; चौथी, २२ नंबरची, जर्मनांच्या हाती लागली.

पणजोबा रत्नागिरीकडचे किंवा गोव्याचे आणि "बोटीवर" असतील तर ते व्यापारी जहाजावर असणार, कारण ब्रिटिश कंपन्या मुंबईत जी भरती करायच्या त्यात कोकणातले खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड, कुक भरपूर. डंकर्कला गेलेल्या मोठ्या जहाजांत क्लॅन लाइनचं क्लॅन मॅकॅलिस्टर होतं, त्या कंपनीच्या जहाजांवर भारतीय खलाशी असायचेच. ते लँडिंग क्राफ्ट, म्हणजे थेट किनाऱ्याला लागणाऱ्या सपाट बोटी, घेऊन गेलं होतं, २९ मेला बॉम्ब पडले, उथळ पाण्यात तसंच सरळ टेकून राहिलं आणि जर्मन विमानं पुढेही त्यावर बॉम्ब टाकत बसली, त्यांना ते चालू जहाज वाटायचं.

शोधायची पद्धत: आधी जहाजाचं नाव, मग त्याचा ऑफिशियल नंबर, मग क्यूच्या बीटी ३८१ मालिकेत त्या नंबराखाली १९३९ नंतरच्या खलाशांच्या याद्या. जहाज कुठल्या तारखेला कुठे होतं ते बीटी ३८९ च्या कार्डांवर. नावांची स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली, त्यामुळे चार-पाच तऱ्हा करून बघा, आणि नुसत्या आडनावावर जाऊ नका, बापाचं नाव, गाव, वय जुळवा. घरी नळी असेल, म्हणजे जुना खलाशी पास, तर आधी तो काढा. समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांच्या नावांचं स्मृतिपुस्तक मुंबईत इंडियन सीमेन्स होममध्ये आहे, तेही बघण्यासारखं.

या बोटी आज बघायला मिळतात का?

मिळतात. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात टॅम्झिन आहे, जेमतेम साडेचौदा फुटांची उघडी मासेमारी होडी, फळीवर फळी चढवून बांधलेली. फोटोत लहान वाटते, आणि खरंच तेवढीच आहे. मेडवे क्वीन ही चाकांची आगबोट जिलिंगहॅमला आहे, तिने सात फेऱ्यांत साधारण ७,००० माणसं आणली. लंडन फायर ब्रिगेडची मॅसी शॉ पण दुरुस्त होऊन पाण्यात आहे. पलीकडे फ्रान्समध्ये झुइडकूटच्या किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला क्रेस्टेड ईगल या आगबोटीचा सांगाडा वर येतो, ती २९ मेला जळाली. तिथं जाणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

वाचलेल्या बोटींच्या मालकांची संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स. १९६५ ला पंचविसाव्या वर्षी बोटी परत डंकर्कला गेल्या त्यातून ती उभी राहिली. साधारण दर पाच वर्षांनी ताफा पुन्हा जातो.

बोट विकणारा म्हणतोय "डंकर्कची आहे". विश्वास ठेवू का?

पितळी पाटी बघून नाही. पाटी कोणीही करून घेतो. त्या संघटनेच्या रजिस्टरमध्ये बोट आहे का ते विचारा, नसेल तर विक्रेत्याला विचारा की १९४० मध्ये बोटीचं नाव काय होतं आणि हे कशावरून म्हणताय. "आधीच्या मालकाने सांगितलं" हे उत्तर आलं तर साध्या जुन्या बोटीचा भाव द्या, वर एक पौंड नाही. गोळ्यांची भोकं दाखवली तर जास्तच सावध व्हा, ऐंशी वर्षांत त्या फळ्या एकदा तरी बदललेल्या असतात.

भारतात बसून किती काम होतं?

निम्म्याच्या वर. रजिस्टर, गॅझेट, मुलाखती, कॅटलॉग, सगळं ऑनलाइन. ब्रिटिश वर्तमानपत्रांचा संग्रह पैसे भरून वापरता येतो, एक महिना घ्या आणि सगळे प्रश्न आधी लिहून ठेवून त्या महिन्यात उरका. राहतं ते क्यूचं, त्यासाठी तिकडे राहणारा भाचा, मैत्रीण, कोणी असेल तर फाइलचा पूर्ण नंबर देऊन पाठवा, तिथं स्वतःच्या मोबाइलने फोटो काढू देतात. "डंकर्कचं काय असेल ते बघ" असं सांगून पाठवाल तर तो दोन तास फिरून कॅफेत कॉफी पिऊन परत येईल.